पिंपावरच्या रेघा

विराज,

समोरासमोर बोललो असतो तर शुभ्रादेखत आवाज चढला असता, म्हणून लिहून ठेवतोय. सकाळच्या एसटीने तुझ्या मंगलआत्याकडे पासलीला चाललोय. परवा येईन.

पिंपातला तांदूळ पासलीचा नवा तांदूळ येईपर्यंत पुरवायचा, हे काम शुभ्राने आपणहून घेतलं होतं. दर रविवारी पिंपात पट्टी घालून तांदूळ किती उतरला ते बघायचं आणि बाहेरून खडूने रेघ मारायची. आठ महिन्यांत तिचा एक रविवार चुकला नाही. वाण्याकडून किलोभरही तांदूळ आणावा लागला नाही. नऊ वर्षांची पोर आहे ती.

काल तू ऑफर होती म्हणून दहा किलोची पिशवी आणलीस आणि न बघता त्याच पिंपात ओतलीस. पिशवीत किडे होते. ती रडली, तर म्हणालास, "आपण काय भिकारी आहोत, रेघा मारत बसायला?"

जेवताना तिने मला विचारलं, "आजोबा, आता मोजायचं नाही का?"

आज तुला सुट्टी आहे. सगळा तांदूळ माडीवर सावलीत पसर. उन्हात घातलास तर कण्या होतील. चाळून, निवडून, कडुनिंबाचा पाला घालून परत भर. अडलं तर तिला विचार, तिला सगळं येतं.

चाळीस वर्षं वेल्ह्यातली पोरं शिकवली, कुणावर हात उगारला नाही. काल तुझ्यावर उगारावासा वाटला.

खडू फडताळात आहे. पट्टी तू धर. रेघ तीच मारेल.

बाबा