विमलने मागितलेला चेंडू

नास, आयर्लंड
१० फेब्रुवारी २०२१

प्रिय शोभना,

ग्रुपवर लिहिलं असतं तर दोन मिनिटांत पन्नास अंगठे आले असते, म्हणून मुद्दाम टपालाने लिहितेय. चार महिन्यांसाठी म्हणून लेकीकडे आले, त्याला वर्ष झालं. इथे घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायला बंदी आहे. तशीही मी कुठे पळणार आहे! गुडघे तुला माहीतच आहेत.

आपल्या सॉफ्टबॉल क्लबच्या सन्मानफलकावर माझं नाव घेतलंस आणि विमलचं गाळलंस, ते वाचलं. राज्याची फायनल तिच्या हातून गेली, असं तुझं म्हणणं. अगं, पण बाकीची सात वर्षं? मी पिचर, चेंडू टाकणारी, म्हणून पेपरात फोटो माझा. पण कुठला चेंडू टाकायचा ते बोटांनी सांगणारी, माझा प्रत्येक चेंडू उकिडवं बसून झेलणारी कॅचर ती. अमरावतीच्या मे महिन्यात, तोंडावर तो जाड मास्क लावून! करंगळी दोनदा मोडली, पण एक मॅच चुकवली नाही. मी चिडले की चेंडू परत द्यायला मुद्दाम सावकाश चालत यायची, माझा श्वास जागेवर येईपर्यंत. हे स्कोअरबुकात कुठे लिहितात? कप्तान होतीस तू, तुला मी काय सांगावं!

इथे शाळा बंद आहेत, म्हणून नात इशिता आणि मी रोज मागच्या अंगणात खेळतो. ती हातमोजा घालून बसते, मी टाकते. परवा तिने हळू चेंडू मागितला आणि माझ्या अंगात आलं, जोरात सोडला. तिच्या हनुवटीला लागला. डोळ्यांत पाणी, तरी मलाच म्हणाली, सॉरी आजी, माय फॉल्ट.

शोभना, फायनलच्या त्या शेवटच्या चेंडूला विमलने दोन बोटं दाखवली होती, म्हणजे हळू. मला मात्र सगळ्यांसमोर वेग दाखवायचा होता. चेंडू तिच्या हातमोज्यावरून मागे गेला, तिसऱ्या बेसवरची त्यांची मुलगी धावत होम बेसला पोचली, त्यांची धाव झाली, आपण हरलो. मी तोंड उघडायच्या आत विमल तुझ्यापुढे येऊन ‘माझं चुकलं’ म्हणाली, आणि मी बेचाळीस वर्षं गप्प बसले. दर दिवाळीला पहिला फोन तिचाच येतो गं. जागा एकच असेल तर माझं नाव खोड. मीटिंग भरेल तेव्हा तिला समोर बसवून हे पत्र मोठ्याने वाच. ती हाताने नको नको अशी खूण करेल. तिची खूण मी एकदा मोडली, आता तू मोड.

तुझीच,
अलकनंदा