कुंकू लावलेली रेकॉर्ड

रविवार, २३ नोव्हेंबर. धारूर.

मिळाली! झांबियातल्या जुन्या रॉक बँडची रेकॉर्ड शेवटी माझ्या कपाटात आली! सात वर्षं जिच्यासाठी जगभर मेसेज करत बसलो, ती इथं जवळच, युसूफ वडगावात, अनुसयामावशींच्या देव्हाऱ्याशेजारी होती. त्यांचे मालक तरुणपणी झांबियात मास्तर होते. येताना रेकॉर्ड आणली, पण प्लेअर काही कधी घेतला नाही. ते गेले, आणि मावशी दर दसऱ्याला त्यांच्या पुस्तकांबरोबर तिचीही पूजा करत राहिल्या. मधल्या गोल कागदावर कुंकवाचा हा जाड थर.

दोनदा मागितली, दोनदा एकच उत्तर. "पूजेची वस्तू हाय, द्यायची न्हाई." आज हट्टानं माझा प्लेअरच घेऊन गेलो. म्हटलं, निदान ऐका तरी.

रेकॉर्डवर हलकी फुंकर मारली आणि सुई टेकवली. कुंकू खाचांत गेलं असेल तर? नव्हतं गेलं. जराही खरखर नाही! कशी असणार? ती कधी वाजलीच नव्हती. गिटार अशी कडाडली की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या.

मावशी डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "मास्तर लई गप माणूस व्हते. त्यांच्या पोटात येवढा दंगा व्हता व्हय!" मग स्वतःच रेकॉर्ड माझ्या हातात ठेवली. "ने. पर दसऱ्याला कुंकू लाव."

माझ्या कुठल्याच रेकॉर्डला मी बायकोलासुद्धा बोट लावू देत नाही. मावशींना म्हणालो, "माझ्या हातानं लावतो."