सात नंबरचं आयर्न

अण्णा, आज गुरुवार आहे, कंपनीला सुट्टी. आई आतल्या खोलीत दुपारची पडली आहे आणि मी पुनावळ्याच्या या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तुम्ही होता तेव्हा मी तुम्हाला कधी एक ओळही लिहिली नाही. एकाच घरात राहणाऱ्यांनी काय लिहायचं एकमेकांना. आता लिहिते आहे ते आठवण दाटून आली म्हणून नाही. राग आला आहे म्हणून लिहिते आहे, आणि ज्याच्यावर आला आहे तो समोर नाही.

गेल्या महिन्यात कंपनीनं आम्हा सात-आठ अधिकाऱ्यांना गोल्फ शिकायला पाठवलं. चाकणला आता परदेशातली गिऱ्हाइकं येतात, त्यांना सुट्टीच्या दिवशी खेळायला न्यावं लागतं, आणि क्वालिटी विभागाची प्रमुख बाई नुसती सावलीत उभी असलेली आमच्या डायरेक्टरांना बरी दिसत नाही. म्हणून चार रविवार, टेकडीखालच्या एका नव्या मैदानावर. शिकवणारा तिशीतला तरुण होता. पहिल्या दिवशी त्यानं ग्रीनच्या, म्हणजे झेंड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या, कडेला एक चेंडू ठेवला आणि म्हणाला, मारा मॅडम, कसाही. मी मारला. चेंडू झेंड्यापासून वीतभर अंतरावर जाऊन थांबला. तो माझ्या हातांकडे बघत राहिला. "तुम्ही आधी खेळलाय. कुणी शिकवलं?" मी म्हणाले, "कुणी नाही." हे मी का म्हणाले ते पुढे येईलच.

तुम्ही शिकवलंत. पिंपरीतली तुमची कंपनी बंद पडली तेव्हा तुम्ही पस्तिशीचे होता, हातात फिटरचं काम होतं आणि ते कुणालाच नको होतं. दापोडीतल्या आपल्या चाळीतले एक काका नदीपलीकडच्या गोल्फच्या मैदानावर कॅडी होते, म्हणजे साहेबांच्या मागे क्लबची, खेळायच्या दांड्यांची, पिशवी घेऊन चालायचे. त्यांनी तुम्हाला नेलं. दोन वर्षांत साहेब लोक तुम्हाला नावानं मागायला लागले, ओझं वाहायला नाही, कुठला क्लब घ्यायचा ते विचारायला. फिटरची नजर ती. जमिनीचा उतार, गवताची ओल, माणसाच्या खांद्याचा जोर, सगळं एका नजरेत मोजायची. सोमवारी मैदान बंद असायचं तेव्हा तुम्ही कॅडी लोक आपापसात खेळायचात, आणि आई सांगते, जवळच्या खेळात तुम्हाला कुणी हरवलं नाही.

एका साहेबानं टाकून दिलेला, पात्याची धार झिजलेला वेज, जवळून चेंडू उंच उडवायचा क्लब, तुम्ही घरी आणलात आणि दांडा कापून माझ्या उंचीचा केलात. रेल्वेच्या भिंतीमागच्या मोकळ्या जागेत तुम्ही एक ओलं पोतं पसरायचात आणि चेंडू त्या पोत्यावर टेकला पाहिजे म्हणायचात. "लांब मारणारे लई हायेत," तुम्ही म्हणायचात. "डाव हितं, शेवटच्या शंभर पावलांत मोडतो. मनगट हलवू नको. खांद्यानं मार." आणि क्लबचं तुमचं एकच सूत्र होतं: "आधी बॉल कुठं टेकवायचा ते ठरव, मग क्लबला हात लाव." संध्याकाळी आई भाकऱ्या थापत असायची, आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या फरशीवर तांब्या झेंडा म्हणून ठेवून मला विचारायचात. झेंडा लांब, मधे सपाट ग्रीन, काय घेशील? सात नंबरचं आयर्न, ते चेंडू बसका मारतं, पुढे घरंगळत नेतं. झेंडा जवळ, पलीकडं उतार? वेज. कामून? उंच उडवायचा आणि पडल्या जागी थांबवायचा. आई म्हणायची, पोरीला हे शिकवून काय करणार आहात? तुम्ही म्हणायचात, काय करायचं ते तिचं ती बघंल. ते वाक्य मला तेव्हा फार आवडायचं.

मग तो रविवार. मी तेरा वर्षांची. मैदानावर मुलांची स्पर्धा होती आणि त्या वर्षी साहेबांनी, म्हणजे ज्यांची पिशवी तुम्ही कायम उचलायचात त्या, मैदानाच्या कमिटीतल्या साहेबांनी, कामगारांच्या मुलांनाही खेळू द्यावं असं ठरवलं होतं. आईनं माझा शाळेचा गणवेश इस्त्री करून दिला. मला पिशवी नव्हती, आपला तो कापलेला वेज न्यायला तुम्ही नाही म्हणालात, बरं दिसत नाही म्हणून. माझी जोडी लागली साहेबांच्या मुलीशी. ती माझ्याच वयाची, स्वभावानं चांगली. तिनं आपणहून सांगितलं, माझे क्लब घे. पिशवी अर्थात तुमच्या खांद्यावर. म्हणजे दर फटक्याला मी हात पुढे करायचा आणि तुम्ही त्यात क्लब ठेवायचा. सकाळभर तसंच चाललं, आणि मला वाटत होतं, माझे वडील माझ्यासाठी पिशवी धरून चालतायत.

शेवटच्या होलला आम्ही बरोबरीत आलो. तिला सहा फटके लागले. माझे तीन झालेत आणि चेंडू ग्रीनच्या बाहेर दहा पावलांवर आहे. झेंडा अगदी अलीकडच्या कडेला, त्याच्या मागे ग्रीन उतरत जातं आणि खाली वाळूचा खड्डा. जवळ टाकला की एका हलक्या फटक्यात होलमध्ये, एकूण पाच, तिच्याहून कमी, आणि मी जिंकले. साहेब खुर्चीतून उठून कडेला येऊन उभे आहेत. मी हात पुढे करते. तुम्ही पिशवीत बघता, जरा जास्तच वेळ बघता, आणि माझ्या हातात क्लब देता. सात नंबर. मी तुमच्याकडे पाहते. तुम्ही साहेबांकडे पाहत असता. "मार," तुम्ही म्हणता.

चेंडू टेकला आणि पळत सुटला, झेंड्याला ओलांडून उतारावरून थेट वाळूत. मला सात फटके लागले. साहेबांच्या मुलीनं माझा हात हातात घेतला, साहेबांनी मला चॉकलेटचा डबा दिला, आणि त्यांनी तुमच्या पाठीवर थाप मारली. परतताना बसमध्ये मी रडत होते. तुम्ही खिडकीबाहेर बघत होता. होळकर पूल ओलांडल्यावर म्हणालात, "मनगट हललं तुझं. किती येळा सांगितलं, हलवू नको म्हणून."

ते वाक्य मी चौतीस वर्षं वागवलं आहे, अण्णा. त्यानंतर मी क्लबला हात लावला नाही. डिप्लोमाच्या प्रॅक्टिकलला कानस चालवताना, पहिल्या नोकरीत मायक्रोमीटर धरताना, दर वेळी आधी माझ्या मनात यायचं, आपला हात खोटा आहे, ऐन वेळी हलतो. याचा एक फायदा झाला असेल तर हा, की शॉपवर एखादा पोरगा जॉब बिघडवून समोर उभा राहतो आणि म्हणतो, मॅडम, हात चुकला, तेव्हा मी आधी त्याचं मापाचं गेज तपासायला पाठवते. बरेचदा गेजच चुकीचं निघतं. आपल्याला कुणी चुकीचं हत्यार दिलं असेल हे माणसाच्या डोक्यातच येत नाही.

तिसऱ्या रविवारी त्या तरुणानं आम्हाला उताराच्या ग्रीनवर नेलं. झेंडा जवळ, मागे उतार. आमच्या परचेसच्या साहेबांनी पिशवीतून सात नंबर काढलं. तो हसून म्हणाला, "सर, इथून सात नंबर? मुद्दाम हरायचं असेल तरच." सगळे हसले. मी पाणी प्यायच्या निमित्तानं बाजूला गेले आणि बराच वेळ परत आले नाही.

घरी आल्यावर आईला विचारलं. ती वाटाणे सोलत होती. तिनं मान वर केली नाही. "मला ठाव हुतं," म्हणाली. "त्या दिवशी ते जेवले न्हाईत. म्हनले, लेकराला आज म्याच पाडलं."

"साहेबांनी सांगितलं होतं का तसं?"

"कुणी न्हाई सांगितलं. ह्यांच्याच मनात आलं. म्हनले, सायबाच्या पोरीला आपल्या पोरीनं सायबासमोर हरवलं तर नोकरीचं काय व्हईल."

नोकरी म्हणजे साहेबांच्या हातातली, पहिल्या होलपाशी टेबल टाकून खेळणाऱ्यांची नावं लिहून घ्यायची, कायमची, गणवेशाची, बसून करायची. ती तुम्हाला दुसऱ्याच दिवशी मिळाली. आणि आई म्हणाली की ते नेमणुकीचं पत्र साहेबांनी आदल्या आठवड्यातच सही करून ठेवलं होतं. सोमवारी, मैदान बंद असलं तरी, ऑफिसातून ते हातात पडलं तेव्हा तुम्ही वरची तारीख पाहिलीत. घरी येऊन तिला दाखवलीत. मला नाही.

म्हणजे कुणी मागितलंही नव्हतं. साहेबांना मुलीच्या जिंकण्या-हरण्याचं काही नव्हतं. ते हरलेल्या पोरीला चॉकलेट द्यायला डबा घेऊन आले होते, ती कुणीही असती. तुम्ही आपणहून वाकलात, आणि स्वतः वाकलात ते कमी म्हणून मलाही वाकवलंत. तेवढंही मी सोडून दिलं असतं. घरात तीन माणसं खाणारी, बंद पडलेली कंपनी, माणूस घाबरतो. पण बसमध्ये तुम्ही गप्प राहू शकला असता. मनगटाचं नाव घ्यायची काही गरज नव्हती. नंतर तुम्ही पंधरा वर्षं जगलात. माझ्या लग्नात, थेरगावच्या त्या भाड्याच्या घरात, दवाखान्यात मी डबा घेऊन येत होते तेव्हा, कितीदा आपण दोघंच असायचो. एकदा म्हणायचं होतं, तुझा हात बरोबर होता. चार शब्द.

"आता कशाला उकरतीस," आई म्हणाली. "त्या नोकरीवरच शिकलीस की." खरं आहे. म्हणून तर जास्त राग येतो. धड रागावायचीही सोय तुम्ही ठेवली नाहीत.

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, आईला दाखवायचे नाहीत. तेव्हा इथे एक लिहून टाकते. त्या तरुणानं मला नवीन काही सांगितलं नाही. सात नंबर हातात पडलं त्या क्षणी, पात्याकडे न बघता, नुसत्या वजनावरून मला कळलं होतं. वेज तुमच्या खांद्यावरच्या पिशवीत होता, हातभर अंतरावर. मी नुसतं "वेज द्या" म्हणायचं होतं, साहेबांसमोर. मी तुमचा चेहरा पाहिला आणि म्हणाले नाही. आणि मनगट हललं नव्हतं, अण्णा. मी तो चेंडू अगदी नीट मारला होता.