आमचे शिंपी

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं. मामा शब्दकोशाच्या कचेरीत असतो आणि त्याला गुंडी आणि बटण यांतला फरक सांगता येत नसेल, तर तो तिथे माश्या मारतो का, हा तुझ्या लेकीचा सवाल बिनतोड आहे. तिला सांग, बटण हा शब्द परका, समुद्रापलीकडून आलेला. गुंडी जुनी, शेजारच्या भाषेत वाटोळ्या वस्तूला जो शब्द आहे, त्याच्या नात्यातली. आमच्या कोशात मात्र ‘गुंडी : बटण’ एवढंच छापलंय. ते मीच लिहिलं, आणि त्याची मला लाज वाटते.

खरा अर्थ सांगायला बाबा स्वतः कचेरीत आले होते, हे तुला ठाऊक नाही. तेरा वर्षं झाली. मी जेवताना सहज विचारलं होतं, तर दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून स्वारी हजर. गळ्यात टेप तशीच, सदऱ्याला दोरे चिकटलेले. माझ्या टेबलावर चिंधी पसरून दाखवायला लागले: बटण विकत आणायचं, गुंडी त्याच कपड्याच्या उरल्या तुकड्याची, पीळ देऊन गाठ मारलेली. आवाज अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असा. तेवढ्यात मुख्य संपादक आले आणि हे कोण, म्हणून विचारलं. माझी नोकरी नवी, आजूबाजूला सगळी विद्वानांची मुलं. मी म्हणालो, "आमचे शिंपी आहेत. माप घ्यायला आलेत."

साहेब हसले, मलाही एक जाकीट शिवायचंय म्हणाले. बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गळ्यातली टेप काढली. "साहेब, हात जरा वर करा."

महिन्याभरात जाकीट आलं, सहा गुंड्यांचं. साहेब ते प्रत्येक समारंभाला घालतात. बाबांनी मला कधी जाब विचारला नाही, तुलाही काही बोलले नसणार. फक्त पुन्हा कचेरीकडे फिरकले नाहीत. आणि मला त्या चिंधीची आठवणच नको होती, म्हणून मी एका शब्दात नोंद उरकली.

परवा साहेबांनी बोलावलं. ते निवृत्त होताहेत. निरोपाला तस्संच जाकीट हवं, तुमच्या त्या शिंप्यांचा पत्ता द्या, म्हणाले. पत्ता दिला की नातं उघडं पडणार. मी म्हणालो, "ते वारले." साहेब हळहळले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. ताई, बाबा तुझ्या खिडकीशी बसून नातीचा फ्रॉक शिवताहेत आणि इथे मी त्यांच्या मरणाचं सांत्वन घेऊन आलो. उद्या साहेबांना खरं सांगणार आहे, नोंदही बदलायला लावणार आहे. पण बाबांच्या तोंडावर बोलायचा मला धीर नाही. हे पत्र तू त्यांना वाचून दाखव, एकही ओळ गाळू नकोस. ते रागावले, नाही नाही ते बोलले, तर जसंच्या तसं कळव. पण साहेबांना ते जाकीट नीट बसतं का, एवढंच त्यांनी विचारलं, तर ते मात्र मला कळवू नकोस.

तुझाच,
धाकटा