तीन सेंट खाली

९ ऑक्टोबर, मंगळवार

आलाच! पांढरी व्हॅन घेऊन तो गालफुग्या ड्वेन — हायवेपलीकडच्या राक्षसी सुपरमार्केटचा माणूस. रोज सकाळी आमच्या पंपाच्या खांबावरचा पेट्रोलचा भाव वाचतो, फोन लावतो, की तिकडे तीन सेंट कमी! आमचा आज गॅलनला एक डॉलर एकोणचाळीस सेंट, त्यांचा लगेच एक छत्तीस. टँकरवालाच डॅडला एक एकतीसला देतो. उरतं काय? डोंबल!

वर मलाच विचारतो, "मार्ला, आज कोलाचे कुठले गं?" जर्दाळू भरलेला गोड पाव खाऊन गेला. निर्लज्ज!

१० ऑक्टोबर

डॅड म्हणतो, पंप गेले की दुकान गेलं. लोक पेट्रोलला थांबतात म्हणून तर कॉफी घेतात.
"ते पेट्रोल तोट्यात विकतील, टीव्ही विकून भरून काढतील. मी काय विकू? तुला?"
"माझाही भाव पाडतील ते!"
हसला नाही.

१२ ऑक्टोबर

सुचलं!! खांबावरचे आकडे लांब काठीनं मीच बदलते ना? उद्या ड्वेन यायच्या आत एक एकोणीस! तो कळवून गेला की परत एक एकोणचाळीस. बसा बोंबलत!

१३ ऑक्टोबर, शनिवार

सुपरमार्केटवाले गेले एक सोळावर! हसून हसून पोट दुखलं.

पण आज लिंकन शहरात फुटबॉलची मॅच — अख्खा गाव तिकडे निघालेला, हे मी मूर्ख विसरले! काठी उचलेपर्यंत म्हातारा स्वोबोदा पंपाशी. "एक एकोणीस? देव भलं करो!" मागे पिकअपची रांग. मी खांबाकडे धावले, तर डॅडनं हात धरला.
"पाटीवर आहे तोच भाव. लोक वाचून आलेत."
"अरे, ती माझी मस्करी होती!"
"पाटी माझी आहे."
ओरडला पण नाही. ओरडला असता तर बरं! दुपारी आमच्या पंपाची टाकी कोरडी.

१५ ऑक्टोबर

टँकर आला, आम्ही परत एक एकोणचाळीस. ते मात्र अजून एक सोळावरच! ड्वेनला धरलं. म्हणे, "साहेब म्हणाले राहू दे, गर्दी छान होतेय." छान!! टँकरच्या भावाच्याही खाली विकतात, आणि कुणी विचारत नाही! आमच्याकडे दिवसभरात दोन गाड्या. एक पत्ता विचारायला.

१७ ऑक्टोबर

सकाळी डॅडनं पंपाच्या चारही नळ्यांवर 'बंद'च्या पिवळ्या पिशव्या चढवल्या. मग पिकअप काढली, सुपरमार्केटच्या पंपावर रांगेत उभा राहिला. टाकी भरून आला.
"पेट्रोल सारखंच असतं गं."