तुमच्या जंगलातला चर

प्रिय मेधाताई,

आपण कधी भेटलो नाही. तुम्ही हे जग सोडून गेल्यावर दोन वर्षांनी मी तुमच्या समीरशी लग्न करून नॉटिंगहॅमला आले. तुम्हाला पत्र लिहीन असं वाटलं नव्हतं. पण काल आम्ही स्कॉटलंडहून परतलो, आणि तिथे जे झालं ते तुमच्याशिवाय कोणाला सांगू?

तुम्ही जिथली माती तपासायचात, ते पाइनचं जंगल बघायला गेलो होतो.

समीर सॉफ्टवेअरवाला माणूस. घरातल्या कुंडीला पाणी घालायचं विसरतो. पण तिथे पोचताच सुरू झाला, "मेधा म्हणायची, हे बोरियल, म्हणजे उत्तरेकडच्या थंड जंगलांचंच भावंड. खडीच्या उंचवट्यावर पाण्याचा निचरा होतो, मुळांना हवा मिळते, म्हणून पाइन सरळसोट. खाली पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळाची काळी माती कायम पाण्याने भरलेली. तिथे मुळं गुदमरतात, झाड खुरटतं."

सगळं तोंडपाठ! माझा वाढदिवस मात्र त्याला फोन सांगतो.

पुढे तुमची इरा कमरेएवढ्या एका पाइनपाशी थांबली.

"हा झाड बेबी नाहीये, नीतामावशी. तो त्या मोठ्या झाडाएवढाच म्हातारा आहे. आईने सांगितलेलं."

दोन वर्षं मी तिचा डबा भरते, तिची वाट बघते. माझं एखादं वाक्य ती असं कोणाला सांगत असेल का? इतकं पक्कं कशाला शिकवून गेलात? थोडं माझ्यासाठी ठेवायचं होतं.

मग त्या दलदलीतच मला उंच पाइनची एक रांग दिसली. "ही कशी वाढली मग?" मी विचारलं.

समीरने खांदे उडवले.

"आईला माहीत असतं," इरा म्हणाली.

म्हणजे प्रश्न माझा, आणि तोही तुमच्याकडेच गेला. मला इतका राग आला की मी तडक त्या रांगेकडे निघाले. बूट चिखलात रुतले, तरी थांबले नाही. झाडांच्या बुंध्यांशी, झुडपांखाली एक जुना चर होता, कधीकाळी कोणी पाणी काढायला खणलेला. मागून इरा आली. तिने काठी खुपसली. चराच्या कडेला माती सुटी, जवळजवळ कोरडी. थोडं पलीकडे खुपसली, तर काठीभोवती पाणी वर आलं.

ती माझ्याकडे बघून हसली. मग ओरडली, "बाबा, कम हिअर. नीतामावशीने शोधलं."

तुम्हाला तो चर माहीत असणारच. इराला दाखवायचा राहून गेला असेल. तो राहिला याचा मला आनंद झाला, ताई. आणि तो दाखवायला तुम्ही असायला हव्या होतात, हेही लगेच कळलं. तरी आनंद झालाच.

हेवा जाईल असं वचन देत नाही. पण घरात तुमचा विषय निघाला की मी चहा टाकायला उठते, ते आता बंद. मी तिथेच बसेन. इरा तुमच्याबद्दल बोलेल ते ऐकेन, आणि कळलं नाही तर तिलाच विचारेन.

अजून पूर्ण मनाने नाही, पण तुमचीच,
नीता