तिसरं कोटेशन

२ फेब्रुवारी

रिटायर होऊन महिना झाला. विश्रांती पुरे. विश्रांतीनेच जास्त दमायला होतं. आजपासून शेताचं मी बघणार, असं सकाळी चहा घेताना जाहीर केलं.

शेत बायकोचं. सव्वा एकर, तिच्या वडिलांनी तिला दिलेलं. मी ऑफिसात होतो तेवढी वर्षं तिने ते कुदळीने आणि रोजाच्या माणसांनी कसंबसं रेटलं. आता रोजाने कोणी येत नाही. त्यातच विहिरीच्या पायरीवरून पडल्यापासून तिचं उजवं मनगट धड नाही. डॉक्टरांनी खणायला साफ मनाई केली आहे.

उपाय एकच. छोटा ट्रॅक्टर, परवडणारा. ही म्हणाली, लावणीच्या आधी येईल ना? म्हणजे मार्चच्या मध्यापर्यंत. मी म्हटलं, अख्खी नोकरी खरेदी विभागात काढली, टाचणीपासून जनरेटरपर्यंत सगळं घेतलं, ट्रॅक्टर म्हणजे काय मोठं? ती बरं म्हणाली. कुदळ धुऊन, पुसून खुंटीला लावली.

बटाट्याचं बेणं आलं आहे. पोती दाराआडच्या बोळात ठेवली.

३ फेब्रुवारी

पद्धत ठरली. तीन लेखी कोटेशनं, मग तुलनात्मक तक्ता, मग निर्णय. तिनापेक्षा कमीवर सही करायची नाही हा नियम मी कधीच मोडलेला नाही. (अपवाद लग्न. तिथे एकच स्थळ पाहिलं होतं.)

तक्त्यासाठी मोठा कागद आणला. रकाने आखले. अक्षर अजून सुरेख येतं. दुपारी पडलो.

९ फेब्रुवारी

शोरूमला गेलो. विक्रेता तरुण, गळ्यात टाय. त्याला टायच म्हणू. मॉडेल लाल, आटोपशीर, किंमत आवाक्यात. मी मायलेज विचारलं. तो म्हणाला, सर, ट्रॅक्टरचा हिशोब किलोमीटरवर नसतो, तासावर असतो. विषयाची माहिती कमी दिसते पोराला.

ट्रायल घेतली. गिअर टाकला आणि क्लच सोडला, तर ट्रॅक्टर पुढे जायच्या ऐवजी मागे गेला आणि 'स्वागत' लिहिलेला बोर्ड आडवा झाला. टायने धावत येऊन चावी काढली. तक्त्यात नोंद केली: क्लच संशयास्पद, सीटला पाठ नाही. कोटेशन मात्र घेतलं. क्रमांक एक.

पाठ धरली आहे.

१३ फेब्रुवारी

दुसरं शोरूम. मॉडेल निळं. सीटला पाठ आहे, पण दिवे डोळे वटारल्यासारखे वाटतात. ट्रायल त्यांनी दिली नाही. टायचा यांना फोन आला असावा. कोटेशन क्रमांक दोन मिळालं.

आता फक्त एक. काम जवळजवळ झालंच म्हणायचं.

१५ फेब्रुवारी, संध्याकाळी

मेव्हणा येऊन गेला. त्याच्याकडे जुना छोटा ट्रॅक्टर आहे. एक दिवा फुटलेला, रंग कसला ते आता सांगता येणार नाही, पण चालतो म्हणे ठणठणीत. तो शेती सोडून मुलाकडे राहायला जाणार आहे. म्हणाला, दाजी, घेऊन जा, ही लावणी उरकून घ्या. पटला तर ठेवा, पैशाचं मागाहून बघू. बायकोचा चेहरा एकदम खुलला. ती आत जाऊन पुन्हा चहा टाकायला लागली.

मी म्हटलं, फार चांगलं, फक्त लेखी द्या. बंद पाकिटात. नात्यातला व्यवहार आहे म्हणून तर जास्तच. उद्या कोणी बोट दाखवायला नको.

मेव्हणा माझ्याकडे बघत राहिला, मग त्याने बहिणीकडे बघितलं. दुसरा चहा न घेताच उठला. ही त्याला फाटकापर्यंत सोडायला गेली आणि बराच वेळ आली नाही.

तिसरं कोटेशन या आठवड्यात यायला हरकत नाही.

२२ फेब्रुवारी

आलं नाही. मेव्हण्याला स्मरणपत्र पाठवलं. भाषा सौम्य ठेवली.

नवा संकल्प: रोज पहाटे शेतावर चक्कर, म्हणजे जमिनीशी ओळख होईल. आज गुडघा दुखत असल्याने सूट.

२५ फेब्रुवारी

लालचं कोटेशन फक्त पंधरा दिवस लागू होतं, हे काल बारीक अक्षरात वाचलं. मुदत संपली! पुन्हा बस, पुन्हा शोरूम. टायने मला बघून चावी खिशात टाकली. नवं कोटेशन घेतलं.

१ मार्च

आता निळ्याची मुदत संपली. नवं आणलं.

ही म्हणाली, दोन्हींतलं एक घेऊन टाका ना. मी समजावून सांगितलं की दोन कोटेशनं म्हणजे तुलना नव्हे, नुसती पंचाईत. तिसरं आलं की मधलं कुठलं ते आपोआप दिसतं. तिने ऐकून घेतलं. ती हल्ली पूर्वीसारखी वाद घालत नाही.

६ मार्च

बोळातून जाताना पोत्याला पाय लागला. बेण्याला कोंब फुटले आहेत. हिने एक बटाटा आणून माझ्यासमोर तक्त्यावर ठेवला. मी म्हटलं, कोंब चांगलेच की. ती म्हणाली, चांगलेच, पण त्यांना जमीन लागते.

बटाट्याचा डाग पडला कागदावर. रकाना तीन अजून कोराच असल्यामुळे नुकसान नाही.

९ मार्च

अखेर शेतावर गेलो. (पहाटे नाही, अकराला.) बांधालगत एक पट्टा खणलेला दिसला. वेडावाकडा, उथळ. कुदळ खुंटीला नव्हतीच म्हणजे. घरी येऊन विचारलं तर म्हणाली, डाव्या हाताने जमतंय का बघत होते.

मी रागावलो. डॉक्टरांनी सांगितलेलं कळत नाही का, म्हटलं. शिवाय असं तुकड्या-तुकड्याने खणून ठेवलं तर ट्रॅक्टरला सलग शेत कसं मिळणार? ती म्हणाली, बरं. कुदळ परत खुंटीला लावली. लावताना डाव्याच हाताने लावली.

जेवताना तिचा हात बघवत नव्हता. मी वरणाची वाटी तिच्या बाजूला सरकवली. दुसरं काय करायचं ते सुचेना.

११ मार्च

लालची मुदत पुन्हा संपत आली. टाय म्हणाला, सर, आता मी तुम्हाला तारीख न घालताच देतो, तुम्हीच घालत जा. असली अनियमितता मला चालत नाही. निघून आलो.

मग बसमध्ये वाटलं, घेतलं असतं तर बरं झालं असतं.

१३ मार्च

शेजारचा रोपवाटिकावाला दारात. त्याला शेत तीन वर्षांसाठी हवंय, रोपं लावायला. पूर्वी दोनदा विचारून गेलाय म्हणे, मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, ट्रॅक्टरची प्रक्रिया शेवटच्या टप्प्यात आहे. तो हसला नाही, पण हसू आवरल्यासारखं वाटलं. ही दाराशी उभी होती. काही बोलली नाही.

१४ मार्च

आज बोलली. तीच बोलली, मी ऐकलं. माझ्यासमोर बसून मनगट टेबलावर ठेवलं. सुजलेलं होतं. म्हणाली, बाबांनी जमीन दिली तेव्हा एकच सांगितलं होतं, पडीक ठेवू नकोस. आजवर ठेवली नाही. रविवारपर्यंत लाल आणा, निळा आणा, भावाचा आणा, काहीही आणा. नाही आलं तर सोमवारी मी रोपवाटिकावाल्याला हो म्हणणार. मला द्यायची नाहीये ती जमीन, पण पडीक बघवणार नाही.

मी तीन कोटेशनांचं पुन्हा सांगायला लागलो. ती म्हणाली, मला आणलंत तेव्हा कुठे तीन कोटेशनं मागवली होती? काय बिघडलं?

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला फार वाईट वाटलं. खरंच वाटलं. काहीतरी केलंच पाहिजे म्हणून तक्ता नव्या स्वच्छ कागदावर उतरवून काढला.

१५ मार्च

ऐतिहासिक निर्णय. नियम शिथिल करतो. उद्या मेव्हण्याकडे स्वतः जाणार आणि ट्रॅक्टर घेऊनच येणार. कोटेशन नाही, पाकीट नाही. मन हलकं झालं. उगाच इतके दिवस शरीराला त्रास दिला.

१६ मार्च, दुपारी

जाऊन आलो. मेव्हण्याचं अंगण रिकामं. जिथे ट्रॅक्टर असायचा तिथे तेलाचा काळा डाग आणि एक कुत्रं झोपलेलं. विकला म्हणाला. गेल्या बुधवारी. कोणाला, तर रोपवाटिकावाल्याला. लेखी वगैरे काही नाही, फाटकात उभ्या उभ्या ठरलं.

मी म्हटलं, विकायच्या आधी माझ्या कानावर एक शब्द टाकायचा होता. तो म्हणाला, टाकला होता दाजी, तुम्ही तो पाकिटात मागितलात.

मेव्हण्याची बायको पाणी घेऊन आली. प्यायलो. परतताना बस मिळाली नाही, चालत आलो. हिला सांगितलं. ती हं म्हणाली आणि वाटाणे सोलत राहिली. एका हाताने वेळ लागतो. मी सोलू लागलो तर निम्मे घरंगळून खाली गेले.

१७ मार्च

सोमवार. रोपवाटिकावाला कागद घेऊन आला. जमीन हिची, सही हिची. विहिरीजवळचे चार वाफे तिने स्वतःला ठेवून घेतले. उरलेलं तीन वर्षं त्याचं. सही डाव्या हाताने केली. मी साक्षीदार. त्याच्या एका कागदावर मी मुकाट्याने सही केली.

१९ मार्च

सकाळी ट्रॅक्टर शेतात शिरला. एक दिवा फुटलेला. रोपवाटिकावाला चालवत होता, आम्ही दोघं बांधावर. मागे माती पिठासारखी पडत होती. मी म्हटलं, आवाज जरा जास्तच आहे.

दोन फेऱ्या झाल्यावर तिने त्याला हात केला आणि काहीतरी विचारलं. तो उतरला. तिने चपला काढून माझ्या हातात दिल्या आणि चढली. मी ओरडलो, अगं, क्लच! तोवर ती निघालीसुद्धा. पुढे. डावा हात स्टिअरिंगवर, उजवा मांडीवर. मागची नांगरलेली रेघ सरळ. टोकाला जाऊन वळवला, परत आली. कधी शिकलीस, विचारलं. म्हणाली, भावाकडे, याच ट्रॅक्टरवर. तुम्ही ऑफिसात असायचात तेव्हा.

मला कसं माहीत नाही? मी कधी विचारलं नव्हतं बहुतेक.

आणखी एक फेरी मारून ती उतरली. उतरल्यावर मागच्या चाकाला हात लावून जरा वेळ तशीच उभी राहिली. मग माझ्याकडून चपला घेतल्या. जेवायच्या वेळेपर्यंत शेत झालं. माझा सगळा फेब्रुवारी आणि निम्मा मार्च एका सकाळच्या कामापायी गेला.

२१ मार्च, सकाळी

राहिले चार वाफे. रोपवाटिकावाला ते पण काढून देतो म्हणाला होता, हिने नको म्हणून सांगितलं. एवढे आपलेच असू देत, म्हणाली. बेण्यातलं लांब कोंबांचं बाजूला काढून ठेवलंय.

तेव्हा ठरलं. खणायचं मी. तिने फक्त बटाटे ठेवायचे. घरातली कुदळ तिच्या उंचीची, माझी कंबर जाईल. नवी आणतो. पहिल्या दुकानात जायचं, पहिली दिसेल ती उचलायची, घरी यायचं. निघालो.

२१ मार्च, संध्याकाळी

पहिल्या दुकानात एकच कुदळ होती. दांडा गुळगुळीत, वजनाला बरी. उचललीसुद्धा. पण एकच ठेवलेली कुदळ म्हणजे कोणीतरी परत केलेली नसेल कशावरून? दुसऱ्या दुकानात भाव काढला. तिसरं दुकान दुपारचं बंद असतं, ते उघडेपर्यंत पायरीवर बसलो. चारला कळलं की आज त्यांची सुट्टी आहे.

घरी आलो तर चारही वाफे खणून झालेले. कोंबवाले बटाटे मातीत, वर पाणीसुद्धा शिंपडलेलं. ही पायरीवर बसून मनगट चोळत होती. म्हणाली, मिळाली का कुदळ?

मी म्हटलं, दोन भाव आणलेत.

ती हसली. मीही हसायला गेलो, पण जमलं नाही. आतून तेलाची बाटली आणली आणि तिचा हात मांडीवर घेऊन चोळत बसलो. बराच वेळ. ती म्हणाली, अहो, दुखतोय तो दुसरा.